दवाखान्याच्या वाटेवरचे वाटसरू

रमजानचे निम्मे रोजे झाले, की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या अनेक मुस्लिम घरांत हिशेबाची वही बाहेर निघते. घरातले सोने-चांदी, दुकानातला माल, बँकेतली शिल्लक, लोकांकडून येणे असलेले पैसे यांची बेरीज होते. त्यातून आपण लोकांचे देणे लागतो ती रक्कम वजा होते. जे उरते ते साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढे किंवा त्याहून जास्त असेल आणि त्याला चांद्रवर्ष पुरे झाले असेल, तर त्यातले शेकडा अडीच रुपये आपले नाहीत, असे समजायचे. हीच जकात. जकात देणारा कुणावर उपकार करत नाही. तो दुसऱ्याचा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचवतो, अशी इस्लामची शिकवण आहे.

हिशेब तसा सोपा असतो. खरा प्रश्न पुढे येतो, द्यायचे कुणाला? कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांतले फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि निराधार, सगळ्यांना माहीत असतात. पण त्याच यादीत आणखी दोन नावे आहेत. एक ‘गारिमीन’, म्हणजे कर्जात बुडालेले. दुसरा ‘इब्नुस्सबील’. या अरबी शब्दाचा सरळ अर्थ ‘वाटेचा लेक’ असा होतो. घरापासून दूर, वाटेत अडकलेला वाटसरू. या वाटसरूबद्दल धर्मशास्त्राने एक बारीक गोष्ट सांगितली आहे. त्याच्या गावी घर असेल, जमीन असेल, तरीही आज, या ठिकाणी, त्याच्या हातात काही नसेल, तर तो गरजूच ठरतो.

हा वाटसरू आजच्या काळात कुठे भेटतो? उंटांचे तांडे गेले, सराया गेल्या. मला तो मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर दिसतो. कडेवर किंवा खांद्यावर आजारी मूल, हातात रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी आणि गावाकडे सातबाऱ्यावर दीड-दोन एकर जमीन. रमजानच्या या पानावर आज त्याच्याबद्दल आणि त्याच्यासाठी वेळ, पैसा, रक्त देणाऱ्यांबद्दल लिहायचे आहे. हा प्रश्न एका धर्माचा नाही. जकात मुस्लिम गरजूंनाच द्यावी, असे बहुतेक उलेमा मानतात. पण ऐच्छिक दानाला, म्हणजे सदक्याला, अशी अट नाही. सदका शेजाऱ्याची जात-धर्म विचारत नाही.

आजार एकाला, झळ साऱ्या घराला

आपल्या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव इथे ग्रामीण रुग्णालये आहेत. ताप, जुलाब, बाळंतपण, अपघात यांच्यासाठी माणसे तिथे जातात. पण मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला, हृदयाला जन्मतः छिद्र सापडले किंवा थॅलेसेमिया असल्याचे कळले, की वाट पुण्याकडे किंवा माळशेज घाट उतरून मुंबईकडे जाते. जुन्नरहून पुणे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. सह्याद्रीच्या कड्यावरच्या आहुप्यासारख्या गावातून निघालेल्या आदिवासी कुटुंबाला तर एका बाजूचेच शंभरावर किलोमीटर पडतात.

कर्करोगाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत असते. पण आपल्या दोन्ही तालुक्यांत रेल्वेच नाही. पुणे-नाशिक मार्गाची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. म्हणून सगळा भार एसटीवर. २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले, त्याने आयांना थोडा आधार मिळाला. तरी वाकडेवाडीला उतरून पुढे ससूनपर्यंतची रिक्षा, दुपारचे जेवण, बाहेरून आणायचे एखादे औषध आणि बुडालेला रोज यांची बेरीज केली, तर एका फेरीत मजुराची आठवडाभराची कमाई जाते. अशी फेरी महिन्यातून दोनदा, तीनदा, कधी दर आठवड्याला करावी लागते.

खर्चाचा हा भाग बिलात दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. आई मुलाजवळ रुग्णालयात राहते. बाप कधी तिथे, कधी गावी. घरी म्हातारी आजी, दोन म्हशी आणि शाळेत जाणारी बाकीची भावंडे. कांदा काढायला आलेला असतो, मजूर लावायला पैसे नसतात. आधी बायकोचे दागिने गहाण पडतात, मग हातउसने, मग सावकार. मूल बरे झाले तरी घर पुढची काही वर्षे ते कर्ज फेडत राहते. यादीतले ‘गारिमीन’ ते हेच.

कॉलेजात शिकवत असल्याने या गोष्टीची दुसरी बाजू मला जवळून दिसते. आजारी मुलाचा मोठा भाऊ किंवा बहीण आमच्या वर्गात असते. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला एक मुलगा दुसऱ्या वर्षात असताना वर्गात दिसेनासा झाला. चौकशी केली, तेव्हा कळले की धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला आहे, आई-वडील त्याला घेऊन मुंबईत आहेत आणि हा रात्री टोमॅटोचे क्रेट उचलायला जातो. घरातला कर्ता आता तोच होता. त्याला मदत मिळाली ती अगदी साध्या माणसांकडून. शेजारच्या काकूंनी दोन्ही म्हशींची धार काढून डेअरीला दूध घालायचे काम स्वतःकडे घेतले आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी आजीच्या हातात दिला. किराणा दुकानदाराने उधारीचे पान बंद केले नाही. माझ्या एका सहकाऱ्याने परीक्षेचा फॉर्म भरला. यातल्या एकाही गोष्टीची पावती नाही, फोटो नाही. पण त्या मुलाचे वर्ष वाचले आणि मुंबईत बसलेल्या आईला घरची काळजी थोडी कमी झाली.

या भागाला असे काम नवे नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात उतारावर भातखाचरे तयार करण्यासाठी गाव मिळून अंगमेहनत करते, त्याला आपल्याकडे पडकई म्हणतात. खाली सपाटीवर सावड आणि इर्जिक आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आजारी मुलाच्या घराला पैशाइतकीच, कधी पैशाहून जास्त, या सावडीची गरज असते.

उपचार मध्येच का सुटतात?

मुलांच्या कर्करोगात सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. आधीचे काही महिने फार कडक, मग हळूहळू सौम्य होत जाणारे. ही मुदत पुरी करणारी बरीच मुले बरी होतात, हे अनेकांना खरे वाटत नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून जास्त मुले वाचतात. गरीब देशांतले चित्र मात्र फार वेगळे आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये एक मोहीम सुरू केली. २०३० पर्यंत जगभरात निदान साठ टक्के मुले तरी वाचावीत, हे तिचे उद्दिष्ट आहे.

हा फरक फक्त औषधांचा नाही. निदान उशिरा होणे हे एक कारण आहे. दुसरे मोठे कारण म्हणजे सुरू झालेले उपचार अर्धवट सोडणे. दोन-तीन महिन्यांत मूल हसू-खेळू लागते, केस परत येतात, आई-बापांना वाटते की झाले आता. हातातले पैसे संपलेले असतात, गावी पेरणी आलेली असते, दुसरे मूल आजीकडे रडत असते. ते गावी परततात. आजार मात्र पुरता गेलेला नसतो आणि तो उलटून आला, की पहिल्यापेक्षा अवघड होतो.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून मुले येतात. २००९ च्या सुमारास तिथे उपचार नाकारणाऱ्या किंवा मध्येच सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा वीसच्या घरात होते, म्हणजे पाचांतले एक मूल. मग तिथल्या बालकर्करोग विभागाने ‘इम्पॅक्ट’ या नावाने देणगीदार, स्वयंसेवी संस्था आणि समाजसेवक यांना एकत्र आणले. कुटुंबाला राहायला जागा, औषधांसाठी पैसा, मुलाला सकस आहार, रक्त, समुपदेशन आणि मुलांच्या शिक्षणाची सोय यांची व्यवस्था लावली. ठरल्या तारखेला मूल आले नाही, तर त्या घरी फोन जाऊ लागला: का आला नाहीत, काय अडले? पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आले. औषधे जवळपास तीच होती. मुलांच्या घराभोवती उभी राहिलेली माणसे नवीन होती.

छप्पर हेही औषध

कर्करोगाच्या औषधांनी मुलाच्या रक्तातल्या संरक्षक पेशी कमी होतात. अशा वेळी साधा ताप आला तरी काही तासांत जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर सांगतात, रुग्णालयाच्या जवळ राहा, उकळलेले पाणी द्या, ताजे शिजवलेले अन्न द्या, गर्दी आणि धूळ टाळा. फुटपाथवर राहणाऱ्या आईला यातले एकही पथ्य पाळता येत नाही. तिच्यासाठी राहण्याची खोली हा उपचाराचाच भाग असतो.

ही गोष्ट महाराष्ट्रात फार आधी ओळखली ती गाडगेबाबांनी. लोकांकडून मिळालेला पैसा त्यांनी धर्मशाळांत घातला. पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे वाटसरूंसाठी आणि १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. आज दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात आलेले रुग्ण आणि नातेवाईक राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अनेक वर्षे हेच काम करते आहे. गाडगेबाबांनी ‘इब्नुस्सबील’ हा शब्द कदाचित कधी ऐकला नसेल. पण त्या शब्दाचा अर्थ त्यांनी दगड-विटांत बांधून ठेवला.

खास मुलांसाठीचे काम २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने या दाम्पत्याने मुंबईत सुरू केले. ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ या त्यांच्या संस्थेत सुरुवातीला आठ कुटुंबांची सोय होती. आज अनेक शहरांत तिची केंद्रे आहेत. कर्करोगाचे उपचार घेणारे मूल आणि आई-वडील यांना तिथे मोफत खोली मिळते, शिधा मिळतो, रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोय होते आणि मुलांचे शिक्षणही चालू राहते. मला त्यातली स्वयंपाकघराची पद्धत विशेष वाटते. प्रत्येक आईला ओटा आणि शेगडी दिलेली असते. ती आपल्या मुलासाठी आपल्या चवीचे स्वतः रांधते. एका शेगडीवर भाकरी, शेजारी बंगाली भात. मूल नीट जेवते आणि आईलाही हातांना काम मिळते. आहाराच्या बाबतीत ‘कडल्स फाउंडेशन’ ही संस्था रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमून कर्करोग झालेल्या मुलांच्या खाण्याकडे लक्ष देते, कारण अशक्त मुलाला ही औषधे सोसत नाहीत.

जागेसाठी केवळ पैसा पुरत नाही, हेही मुंबईने दाखवले. २०२१ मध्ये म्हाडाने टाटा रुग्णालयाजवळच्या करीरोड भागातली शंभर घरे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचे ठरवले. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि शेवटी बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवरच्या म्हाडा इमारतीत सोय करावी लागली. रहिवाशांना संसर्गाची, वर्दळीची भीती वाटली असेल. पण कर्करोग संसर्गाने पसरत नाही. संसर्गाचा धोका असलाच, तर तो आपल्याकडून त्या मुलाला असतो. आपल्या गावात भाड्याची खोली मागायला असे कुटुंब आले, तर आपण काय उत्तर देऊ, हा प्रश्न करीरोडपुरता नाही.

जगातले मोठे उदाहरण अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचे. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला विनोदी नट डॅनी थॉमस याने १९६२ मध्ये तिथे मुलांचे सेंट ज्यूड रुग्णालय उभे केले. त्यासाठी पैसा जमवणारी संस्था त्याने १९५७ मध्ये सीरियन-लेबनीज वंशाच्या अमेरिकी माणसांना हाताशी धरून काढली होती. उपचार, प्रवास, राहणे, जेवण यांतल्या कशाचेही बिल तिथे कुटुंबाला जात नाही. स्थलांतरितांच्या समाजाने आश्रय देणाऱ्या देशाचे ऋण असे फेडले.

सोळा कोटी आणि सोळाशे

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका तान्ह्या मुलीसाठी सोळा कोटींचे इंजेक्शन आणायची मोहीम आपण सर्वांनी पाहिली. स्नायू दुबळे करणाऱ्या दुर्मीळ जनुकीय आजारावरचे ते औषध होते. आपल्या भागाचे खासदार आणि नारायणगावचे सुपुत्र डॉ. अमोल कोल्हे यांनी अशा औषधावरच्या आयातकराचा प्रश्न लोकसभेत मांडला. देश-परदेशातल्या लोकांनी दिलेल्या पैशांतून जूनमध्ये तिला इंजेक्शन मिळाले. ऑगस्टमध्ये ती गेली. ज्यांनी शंभर रुपये पाठवले होते, त्यांच्याही घरात त्या दिवशी शांतता होती. ते पैसे वाया गेले, असे कुणी म्हणू नये. एका मुलीला संधी मिळावी म्हणून लाखो अनोळखी माणसे एकत्र आली, याचे मोल कमी नाही.

त्या मोहिमेला एक चेहरा होता, एक आकडा होता, एक मुदत होती. माळीणचेही तसेच झाले. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून १५१ माणसे गेली आणि राज्यभरातून मदतीचा ओघ आंबेगावकडे लागला. त्यात मशिदीतून गेलेले जेवण होते, मंदिरातून गेलेली धान्याची पोती होती. संकट सर्वांना दिसले, की आपला समाज मागे राहत नाही.

पण सोळाशे रुपयांना चेहरा नसतो. पुढच्या मंगळवारी केमोला जायचे आहे आणि गाडीभाडे, जेवण, एक इंजेक्शन यांसाठी सोळाशे कमी पडतात, या गोष्टीचा व्हिडिओ कुणी करत नाही. ती मागायला बापाला लाज वाटते. तो म्हणतो, या वेळी राहू दे, पुढच्या वेळी जाऊ. उपचार सुटण्याची सुरुवात त्या एका मंगळवारी होते. एका घरावर कोसळलेला डोंगर शेजारच्या आळीलाही दिसत नाही. तो दिसावा लागतो आणि त्यासाठी जवळ राहणारा, अधूनमधून विचारपूस करणारा माणूसच लागतो.

रक्ताचा सदका

थॅलेसेमियाच्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या शरीरात निरोगी रक्त पुरेसे तयार होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावे लागते, तेही आयुष्यभर. दिलेल्या रक्तातले लोह शरीरात साठते, ते काढायला रोजची औषधे वेगळी. अशा मुलाचे आई-वडील आजाराचे निदान झाल्यापासून रक्तपेढीच्या दारात उभे असतात.

साठवलेल्या लाल पेशी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. कर्करोगाच्या मुलांना लागणाऱ्या प्लेटलेट तर पाचच दिवस. म्हणजे जयंतीला किंवा वाढदिवसाला एकदाच मोठे शिबिर घेऊन वर्षाची सोय होत नाही. रक्त थोडे थोडे, पण सतत यावे लागते. सुट्ट्या, परीक्षा आणि उन्हाळ्यात कॉलेजची शिबिरे बंद पडतात आणि पेढ्यांत टंचाई येते. रमजानमध्ये मुस्लिम रक्तदातेही दिवसा येऊ शकत नाहीत. उपाशीपोटी रक्त देऊ नये, असे पेढ्याही सांगतात. यावर उपाय आहेत. इफ्तार आणि पुरेसे पाणी-जेवण झाल्यावर रात्री शिबिर घेता येते. किंवा गावातल्या तरुणांनी वाटणी करावी: या महिन्यात गणेश मंडळाच्या मुलांनी द्यावे, ईदनंतरच्या महिन्यात मोहल्ल्यातल्या मुलांनी. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. वय अठरा पूर्ण आणि वजन किमान पंचेचाळीस किलो हवे. वीस-पंचवीस जणांची अशी यादी असली, तर एखाद्या मुलाच्या रक्ताची बरीचशी चिंता मिटते.

थॅलेसेमियाबद्दल कॉलेजच्या मुलामुलींना मी आणखी एक गोष्ट सांगतो. आई आणि वडील दोघेही या आजाराचे वाहक असतील, तरच मुलाला तीव्र आजार होण्याची शक्यता असते. प्रत्येक गरोदरपणात चारात एक. वाहक स्वतः ठणठणीत असतो, म्हणून त्याला पत्ता नसतो. लग्नाआधी केलेली एक साधी रक्ततपासणी ही माहिती देते. नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांनी, मग ती मुस्लिम असोत वा मामेबहिणीशी लग्न करणारी मराठा असोत, ती जरूर करावी. पत्रिका पाहणाऱ्यांनी आणि न पाहणाऱ्यांनीही.

कागद ओळखणारा माणूस

स्वयंसेवक म्हटले, की पैसे वाटणारा किंवा जेवणाचे डबे नेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण गावाकडून आलेल्या बापाला सर्वांत आधी हवा असतो तो कागद समजणारा माणूस. सरकारी सोयी बऱ्याच आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. त्यात हृदयाचा दोष सापडला, तर शस्त्रक्रियेची सोय होऊ शकते. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायक मंदिर न्यासाची वैद्यकीय मदत आहे.

अडचण अशी, की यातले प्रत्येक दार कागदाने उघडते. रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक, तपासणीचे रिपोर्ट. रेशनकार्डात मुलाचे नावच घातलेले नसते, आधारवर जन्मतारीख चुकलेली असते. दाखल्यासाठी बाप पुण्याहून घोडेगावला येतो, तेव्हा मुलाजवळ कुणी नसते. हे काम गावातला शिकलेला तरुण दोन दिवसांत करू शकतो. आपल्या गावातल्या आशाताई, सेतू चालवणारा मुलगा, शाळेतले गुरुजी यांना हे कागद तोंडपाठ असतात. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना किंवा वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे, एवढे जरी कुणी त्या बापाला सांगितले, तरी बराच पैसा आणि मनस्ताप वाचतो.

शिकलेल्या माणसाचा हा सदका आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातला काटा बाजूला करण्यालाही सदका म्हटले आहे. अर्ज नीट भरून देणे हे त्यातच आले.

देण्याची रीत

उर्दूत आजाऱ्याची विचारपूस करायला जाण्याला ‘इयादत’ म्हणतात. इस्लाममध्ये तिला इबादतीइतके महत्त्व आहे. आजाऱ्याला भेटायला न जाणाऱ्याला अल्लाह विचारेल, मी आजारी होतो, तू का आला नाहीस, अशा आशयाची हदीस आहे. पण इयादतीचे अदबही सांगितले आहेत. थोडा वेळ बसावे, धीर द्यावा, उठावे. कर्करोगाच्या उपचारांतल्या मुलाकडे जाताना हे अधिक पाळावे. स्वतःला सर्दी-ताप असेल तर जाऊच नये. हात धुवावेत. उघड्यावरची मिठाई, कापलेली फळे नेऊ नयेत. आईसमोर ‘कुणाची नजर लागली’, ‘कुणाचे पाप’ असले काही बोलू नये. डॉक्टरांचे औषध थांबवून अमक्याकडे न्या, असा सल्ला तर मुळीच देऊ नये. दुआ करावी, नवस फेडावा, ताईत बांधणाऱ्याने बांधावा. पण केमोची तारीख चुकवू नये.

दानाबद्दलची शिकवणही तितकीच स्पष्ट आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये. आज मात्र धनादेश हातात देऊन, मुलाला मधे उभे करून फोटो काढला जातो. केस गेलेले ते मूल उद्या बरे होऊन शाळेत जाणार असते. तो फोटो त्याच्या मागे मागे फिरतो. देणगीदारांना हिशेब हवा, हे बरोबर आहे. तो पावतीने, रुग्णालयाच्या नावाने काढलेल्या धनादेशाने, औषधाच्या बिलाने देता येतो. मुलाचा चेहरा हा हिशेब नव्हे. म्हणून मदत शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात किंवा औषध दुकानात भरावी. फसवणुकीचीही शंका राहत नाही.

सर्वांत महत्त्वाचे, देणे टिकावे. रमजानमध्ये आपला हात सैल असतो. शेवटच्या दहा रोज्यांत तर दानाची अक्षरशः रीघ लागते. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, कारण त्या दिवशी कुणीही उपाशी राहू नये. पण रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन वर्षांहून जास्त चालतात. म्हणजे मध्ये दोन रमजान, दोन ईदा, दोन आषाढी आणि दोन दिवाळ्या येऊन जातात. पाच हजार एकदम देण्यापेक्षा महिन्याला दोनशे रुपये दोन वर्षे देणारी पंचवीस माणसे अशा घराला अधिक उपयोगी पडतात. कारण त्यात महिन्याचे गाडीभाडे, दोन माणसांचे जेवण आणि एखादे औषध सहज भागते. बापाला दर वेळी नव्याने हात पसरावा लागत नाही.

हे करायला मोठी संस्था लागत नाही. जुन्नरच्या एखाद्या आळीतली पंचवीस घरे, मंचरच्या बाजारपेठेतले पंचवीस दुकानदार, ओतूरच्या एखाद्या भजनी मंडळातली माणसे पुरेशी आहेत. त्यातल्या एकाने हिशेब ठेवावा, एकाने कागद पाहावेत, दोघांनी रक्तदात्यांची यादी सांभाळावी आणि एकीने आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊन आजीला विचारावे, म्हशींची धार कोण काढते?

जकातीची वही या आठवड्यात पुन्हा उघडेल. तिच्यात फकीर, मिस्कीन यांच्याखाली एक ओळ वाटेच्या लेकासाठी असू द्या. जे जकात देत नाहीत त्यांनी आपल्या घरच्या जमाखर्चात ती लिहावी. पुढच्या मंगळवारी पहाटेच्या एसटीने कुणीतरी मुलाला घेऊन निघणार आहे. त्याची तारीख चुकू नये, एवढे आपल्या हातात आहे.